आधी प्लॅन, मग झाड: ही सवय लागली कुठून

पुण्यात जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की झाडांचा विषय निघतो तो अगदी शेवटी, म्हणजे प्लॅन झालेला असतो, पार्किंग बसवून झालेलं असतं आणि मग कुणीतरी विचारतं, त्या कोपऱ्यातल्या आंब्याचं काय करायचं? आर्किटेक्टला झाडं नको असतात असं अजिबात नाही. पण झाडाची तब्येत कळणारा माणूस त्याच्या टेबलावर पहिल्या दिवशी नसतो, आणि यामागे बराच इतिहास आहे.

१९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठची घरं गेली आणि शहर झपाट्याने बाहेर पसरायला लागलं. त्या काळातले बंगले, छोट्या सोसायट्या, त्यांच्या कंपाउंडला लागून लोकांनी आंबा, नारळ, गुलमोहर लावले. दोन-तीन मजली बांधकाम, बेसमेंट नाही, आवारात मोकळी माती, त्यामुळे मुळांना कुणी अडवलंच नाही. आता ती झाडं पन्नास-साठ वर्षांची झालीत आणि नेमकं तिथेच खोदायचंय.

मग आला १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. हा कायदा नसता तर आज शहरात काय उरलं असतं याचा विचारही करवत नाही. त्यात झाड 'तोडणे' म्हणजे त्याला कुठलीही इजा करणं हेसुद्धा येतं, पण व्यवहारात झालं असं की झाड म्हणजे परवानगीची फाइल होऊन बसलं. तोडायचं का, हलवायचं का, एवढाच अर्ज. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेज म्हटलं, झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची अट आली, चांगलंच झालं, पण फाइल उघडायची वेळ तीच राहिली, प्लॅननंतरची.

ब्रिटनमध्ये १९८० ला बांधकाम आणि झाडं यांच्यासाठी बीएस ५८३७ नावाचं स्टँडर्ड आलं. त्याचा आजचा क्रम असा की झाडांचा सर्व्हे आधी, डिझाइन नंतर. २०१२ च्या आवृत्तीत साधा हिशोब आहे, दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला बाराने गुणा, तेवढ्या त्रिज्येतली जमीन मुळांसाठी राखायची. म्हणजे दोन फूट जाड खोड असेल तर चोवीस फूट! आपल्याकडे साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या बाजूची मोकळी जागा, तेवढी सोडतं कोण.

ट्री सर्जरीचं, म्हणजे झाडाची छाटणी आणि उपचार करण्याचं, ज्ञानही तसं नवंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन डेव्हीने हा धंदा उभा केला तेव्हा पोकळ खोड साफ करून त्यात सिमेंट भरायचे, दाताच्या फिलिंगसारखं. पुढे तिथल्याच अॅलेक्स शायगो या वृक्षशास्त्रज्ञाने असंख्य खोडं उभी चिरून बघितली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे वाढतं. त्या कुजक्या भागाला खरवडून सिमेंट भरलं की ती भिंतच मोडते. मुळांचंही तसंच, लोकांना वाटतं ती खोल जातात, पण बहुतेक मुळं वरच्या तीन-एक फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, म्हणून जेसीबीचा एकच चर घात करतो.

एका साइटवर मी हे डोळ्याने पाहिलंय. कडुलिंबापासून सहा फुटांवर चर मारलेला, मनगटाएवढी मुळं फाटून लोंबत होती, आत पांढरी, ओली. दोर घेऊन फांद्या छाटायला आलेल्या काकांनी त्यातलं एक मूळ हातात धरलं आणि वर बोट दाखवून म्हणाले, "ती फांदी आता याच बाजूने वाळणार बघा." गाड्यांचा रॅम्प दुसऱ्या बाजूने घेतला असता तर चर लागलाच नसता, कागदावर ती एक रेघ होती. पुढच्या पावसाळ्यात झाड कललं आणि मग धोकादायक म्हणून रीतसर परवानगी घेऊन ते काढलं.