पॅरागॉन (ऑनलाइन गेम)

पॅरागॉन : एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचा ऑनलाइन सांघिक लढाऊ व्हिडिओ गेम. मार्च २०१६ मध्ये आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठी तो खुला झाला, फेब्रुवारी २०१७ पासून सर्वांना मोफत मिळू लागला आणि चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडण्याआधीच, २६ एप्रिल २०१८ रोजी, त्याचे सर्व्हर (खेळाडूंना एकमेकांशी जोडून सामना चालवणारे संगणक) कायमचे बंद झाले. विंडोज संगणक आणि प्लेस्टेशन ४ यांवर तो खेळता येई.

प्रत्येकी ५ खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर येत. मैदानात तीन लेन म्हणजे दोन तळांना जोडणाऱ्या वाटा, लेनवर राखणीचे टॉवर, आपोआप चाल करून जाणारे मिनियन म्हणजे छोटे सैनिक, मध्ये जंगल. विरुद्ध संघाच्या तळातला कोअर, म्हणजे मुख्य गाभा, फोडला की डाव संपला. डोटा किंवा लीग ऑफ लेजंड्स हे याच प्रकारचे खेळ खेळलेल्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. मात्र त्या खेळांत मैदान वरून दिसते, तर इथे कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असे. त्यामुळे नेम स्वतः धरावा लागे, चढ-उतार आणि आडोसे यांना किंमत येई, आणि पाठीमागून कोण येते आहे हे सोबत्याने ओरडून सांगितल्याशिवाय कळत नसे. पाच जणांनी एकमेकांशी बोलत खेळावे अशीच त्याची रचना होती.

दिसायला तो त्या काळच्या सर्वांत देखण्या खेळांपैकी एक होता; अनरिअल इंजिन ४ हे एपिकचेच गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर काय करू शकते हे दाखवणारा नमुनाच म्हणावा. त्याचे घोडे अडले ते दुसरीकडे. डिसेंबर २०१६ मध्ये मैदान बदलून डाव आटोपशीर केले गेले. २०१७ मध्ये पात्रांची ताकद ठरवणारी कार्डांची पद्धतही नव्याने मांडली गेली. प्रत्येक बदलात जुन्या खेळाडूंपैकी काही दुखावले आणि नवे फारसे टिकले नाहीत. त्यातच सप्टेंबर २०१७ मध्ये याच कंपनीच्या फोर्टनाइटचा बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असा) प्रकार आला, अफाट चालला, आणि पॅरागॉनवर काम करणारी बरीच माणसे तिकडे वळवली गेली. जानेवारी २०१८ मध्ये बंदची घोषणा झाली. खेळाडूंनी खर्च केलेले सगळे पैसे परत देण्याची सोय कंपनीने केली, आणि ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे.

पैसे परत मिळाले, खेळ मात्र मिळाला नाही. हा फरक नाशिकच्या खेळणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या परिसरात ज्यांनी सायबर कॅफेत लॅनवर, म्हणजे खोलीतल्या संगणकांच्या आपसातल्या जोडणीवर, काउंटर-स्ट्राइक या बंदुकीच्या खेळाचे सामने खेळले, त्यांचा सर्व्हर त्याच खोलीतल्या एखाद्या मशीनवर असे. मालकाने मशीन चालू केले, चारपाच पोरे जमली की सामना सुरू. इंटरनेट नसले तरी चाले, आणि तो जुना खेळ आजही तसाच चालतो. पॅरागॉनचा सर्व्हर कंपनीकडे होता. तो बंद झाल्यावर संगणकात उतरवून घेतलेल्या प्रतीला जोडायला काहीच उरले नाही. कॅफेतल्या सगळ्या मशीनवर ती प्रत असती, तरी एकही सामना लावता आला नसता.

सांस्कृतिक ठेव्याचा प्रश्न म्हणूनच याकडे पाहायला हवे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी चित्रपटनिर्मितीचे मोठे काम नाशिकमध्ये केले आणि १९४४ मध्ये नाशिकमध्येच ते वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, पण त्यांच्या मूकपटांपैकी थोडक्यांचेच अंश आज पाहायला मिळतात. चित्रपटाचे रीळ निदान हाती लागू शकते, तुकडा जोडता येतो. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाची चित्रफीत उरते, त्यातला डाव उरत नाही. कंपन्यांनी खेळ बंद करताना सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंच्या हाती द्यावा, ही मागणी त्यामुळे रास्त आहे.

पॅरागॉनच्या बाबतीत सर्व्हर नाही, पण घडवलेले साहित्य खुले झाले. मार्च २०१८ मध्ये कंपनीने २० पात्रे आणि मैदानाचे १,५०० हून अधिक घटक अनरिअल इंजिन वापरणाऱ्यांना मोफत दिले. त्यांच्या निर्मितीचा खर्च १ कोटी २० लाख डॉलर असल्याचे तिने सांगितले. त्याच वर्षी आणखी भर पडून हा आकडा १ कोटी ७० लाखांवर गेला. अट एकच : वापर अनरिअल इंजिनमधल्या कामातच करायचा.

गेम बनवायला शिकणाऱ्यासाठी हे घबाड आहे. इंजिन २०१५ पासून शिकायला मोफत आहे. त्यामुळे नाशिकमधल्या विद्यार्थ्याला बरा ग्राफिक्स कार्डवाला संगणक आणि मोठ्या डाउनलोडला पुरेल इतके इंटरनेट एवढेच लागते. स्पॅरो ही तीरंदाज किंवा मर्डॉक हा बंदूकधारी उघडला की सांगाडा, कपड्यांचे पोत आणि हालचालींची लांबलचक यादी समोर येते : धावणे, उडी, मार खाऊन मागे झुकणे, भोवळ येणे, मरणे. प्रत्येक हालचाल वेगळी उघडून, थांबवून, चौकट-चौकट पाहता येते. त्यात ‘रिकॉल’ही आहे, म्हणजे तळावर परत जातानाची हालचाल. पात्राचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जाते, हे फळ्यावर शिकवून जेवढे कळणार नाही तेवढे इथे दहा मिनिटांत कळते.

याच साहित्यावर इतर संस्थांनी पूर्ण खेळही उभे केले. नेटमार्बल या दक्षिण कोरियाई कंपनीचा ‘ओव्हरप्राइम’ २०२४ मध्ये बंद पडला. ब्रिटनमधील ओमेडा स्टुडिओजचा ‘प्रेडिसेसर’ मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये चाचणीच्या टप्प्यातून बाहेर आला. मूळ पॅरागॉनला तो टप्पा कधी गाठता आला नव्हता.