अभिरूप निवडणूक (शालेय)

माध्यमिक शाळेत मतदार यादीपासून मतमोजणीपर्यंतची सगळी कामे विद्यार्थ्यांच्याच हातून करवून घेऊन मतदानाच्या पद्धती शिकवण्याचा उपक्रम. मतदानाच्या दिवशी यंत्र तपासण्यासाठी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून घेतात, तो ‘मॉक पोल’ वेगळा. राज्य मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ हे प्रकरण आहे. शिवाय नववी ते बारावीच्या मुलांसाठी निवडणूक आयोगाने निवडणूक साक्षरता मंडळांची योजना आणली आहे. बहुतेक शाळांत वर्गप्रतिनिधी किंवा शालेय मंत्रिमंडळ निवडण्याच्या निमित्ताने हा प्रयोग होतो: वही, डस्टर, कंपास अशी चिन्हे, बोटाला शाई, मोबाइलवरच्या अ‍ॅपचे मतदान यंत्र आणि बटण दाबल्यावरचा ‘बीप’.

एवढ्याने मतदान कसे करतात ते कळते. मोजणीचा नियम बदलला की निकाल बदलू शकतो, हे मात्र कळत नाही. त्यासाठी एकच मतपेटी निरनिराळ्या नियमांनी मोजावी लागते. नाशिकच्या एखाद्या नववीच्या वर्गात समजा ४० मुले सहलीचे ठिकाण ठरवत आहेत. सोळा जणांना रामशेज किल्ला हवा. तो नाही तर पांडवलेणी, निदान चढायला काहीतरी आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य शेवटी. तेरा जणांना नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी हवेत, मग जवळची पांडवलेणी, शेवटी रामशेज. उरलेल्या अकरांची पहिली पसंती पांडवलेणी, दुसरी नांदूर मध्यमेश्वर. किल्ल्याची चढण त्यांना नकोच. लोकसभा-विधानसभेप्रमाणे सर्वाधिक मतांवर ठरवले तर १६ मतांनी रामशेज जिंकतो, जरी २४ मुलांनी तो शेवटी ठेवला आहे. सर्वांत कमी मतांचे ठिकाण बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीला दिली, तर पांडवलेणीची ११ मते नांदूर मध्यमेश्वरला जातात आणि ते २४ विरुद्ध १६ असे निवडून येते. पहिल्या पसंतीला २, दुसरीला १ असे गुण दिले, तर पांडवलेणीला ५१, नांदूर मध्यमेश्वरला ३७ आणि रामशेजला ३२. दोन-दोन ठिकाणांच्या समोरासमोर जोड्या लावून कुठले जास्त मुलांना हवे ते पाहिले तरी पांडवलेणी दोघांनाही हरवते. चिठ्ठ्या त्याच, विजेते तीन. गुणांची ही रीत फ्रान्सच्या बोर्दाची, जोड्यांची त्याचाच समकालीन कोंदोर्से याची. दोघेही अठराव्या शतकातले. फळ्यावर ही बेरीज मांडली की वर्गात भांडण होते, आणि ते होऊ द्यावे.

पसंतीक्रमाची पद्धत मुलांना परकी वाटली, तरी शिकवणाऱ्या सरांना-बाईंना ती ठाऊक असते. विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांतले माध्यमिक व त्यावरचे पात्र शिक्षक याच पद्धतीने मत देतात. तिथे आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. जागा एकच असल्याने वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते हा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मते. अक्षरी ‘एक’ लिहिले किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. पहिली पसंती नसली तरी बादच. वर्गातल्या मोजणीत बाद चिठ्ठ्यांचा गठ्ठा वेगळा काढून तो मुलांनाच तपासायला देणे फार उपयोगी ठरते. दोन नावांपुढे १ लिहिलेली चिठ्ठी का धरायची नाही, हे त्यांनीच एकमेकांना पटवून द्यावे.

महापालिकेची रीत आणखी निराळी. २०१७ च्या निवडणुकीत नाशिकच्या १२२ जागा बहुतांशी चार सदस्यांच्या प्रभागांत विभागल्या होत्या. मतदाराने अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे आणि प्रत्येक जागी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून यायचा. वर्गात हे करायचे तर चार रंगांच्या चिठ्ठ्या पुरतात.

गुप्ततेची अडचण मात्र खरी आहे. वर्गात सगळे एकमेकांचे अक्षर ओळखतात, त्यामुळे नावे आधीच छापून फक्त आकडे लिहायला लावणे आणि मोजणी शेजारच्या तुकडीकडे सोपवणे बरे.