प्रारंभ प्रवाह, विद्युत् चलित्राचा

स्थिर असलेले विद्युत् चलित्र (मोटर) पुरवठ्याला जोडल्यापासून नेहमीची गती गाठेपर्यंत पुरवठ्यातून जो वाढीव प्रवाह घेते, त्यास प्रारंभ प्रवाह म्हणतात. पिंजरा घूर्णकाच्या (फिरत्या भागात टोकांशी जोडलेल्या दांड्यांचा पिंजरा असलेल्या) त्रिकला (थ्री-फेज) प्रवर्तन (इंडक्शन) चलित्रात तो पूर्णभार प्रवाहाच्या साधारणतः 5 ते 8 पट असतो. संज्ञेच्या अर्थाबाबत मात्र ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. काही जण पुरवठा जोडताच पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे 50 हर्ट्झला सुमारे 10 मिलिसेकंदांत, दिसणाऱ्या असममित शिखराला हे नाव देतात. हे शिखर रोधित घूर्णक प्रवाहाच्या (घूर्णक रोखून धरला असता वाहणाऱ्या प्रवाहाच्या) वर्गमध्यमूळ (आरएमएस) मूल्याच्या अडीच पटींपर्यंत जाऊ शकते आणि काही आवर्तनांतच विरते. इतर ग्रंथकार घूर्णक रोखून धरला असता स्थिरावलेल्या प्रवाहाचे वर्गमध्यमूळ मूल्य हाच प्रारंभ प्रवाह मानतात. मानके आणि निर्मात्यांची माहितीपत्रके यांत दुसरा अर्थ रूढ असल्याने येथेही तोच घेतला आहे. तथापि एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास मंडल तोडणारा स्वयंचलित स्विच) निवडताना पहिला अर्थ दुर्लक्षून चालत नाही. ‘सी’ वर्गाची एमसीबी तिच्या अंकित प्रवाहाच्या 5 ते 10 पटींच्या दरम्यान तत्क्षणी पडते, ‘डी’ वर्गाची 10 ते 20 पटींच्या दरम्यान. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत पंपासाठी एमसीबी घेताना ‘सी की डी’ हे आधी ठरवावे लागते ते यामुळेच.

घूर्णक स्थिर असताना प्रवर्तन चलित्र हे दुय्यम गुंडाळी लघुमंडलित (शॉर्ट) केलेल्या रोहित्रासारखे (ट्रान्सफॉर्मरसारखे) वागते. स्थाणुकाचे (स्थिर भागाचे) फिरते चुंबकीय क्षेत्र घूर्णकाच्या दांड्यांना पूर्ण वेगाने छेदते, त्यांत कमाल विद्युत् दाब (व्होल्टेज) प्रवर्तित होतो आणि प्रवाहाला केवळ गुंडाळ्यांचा संरोध (इंपीडन्स) अडवतो. यातून निघणारी गोष्ट कारखान्यात पुष्कळदा उलटी समजली जाते: प्रारंभ प्रवाहाचे मूल्य चलित्राची रचना आणि अग्रांवरील दाब ठरवतात, भार ठरवत नाही. रिकाम्या लेथचे व भरलेल्या पंपाचे एकाच बनावटीचे चलित्र पहिल्या क्षणी सारखाच प्रवाह घेते. भाराने बदलतो तो गती घेण्याचा काळ, आणि गुंडाळी जळते ती या काळामुळे, कारण सहापट प्रवाहाने तांब्यातील उष्णता छत्तीसपट होते. दाब कमी असल्यास प्रारंभ प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो, पण परिबल (फिरवणारा जोर, टॉर्क) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने गती घेण्यास वेळ लागतो. कमी दाबावर ‘मोटर करंट जास्त खेचते’ ही तक्रार धावत्या चलित्राबाबत खरी आहे, सुरू होणाऱ्या चलित्राबाबत नाही.

पिंजरा घूर्णकाचे श्रेय कोणाचे, हा वाद या विषयाशी निगडित आहे, कारण बंद पिंजऱ्याचा रोध बाहेरून बदलता येत नाही. फिरत्या क्षेत्राची कल्पना आरागो यांच्या 1824 च्या सुमारास केलेल्या तबकडीच्या प्रयोगापर्यंत मागे नेली जाते. 1879 मध्ये वॉल्टर बेली यांनी विद्युत् चुंबक क्रमाने चेतवून तबकडी फिरवून दाखविली. गॅलिलिओ फेरारीस यांचे प्रयोग बहुधा 1885 चे आहेत, पण त्यांचा निबंध तुरिन येथे मार्च 1888 मध्ये मांडला गेला, तर निकोला टेस्ला यांना एकस्वे (पेटंटे) मे 1888 मध्ये मिळाली. फेरारीस यांनी तांब्याचे दंडगोल घूर्णक म्हणून वापरले आणि अशा यंत्राची कार्यक्षमता निम्म्यापलीकडे जाणार नाही असा निष्कर्ष काढला. तो पुढे टिकला नाही. आजच्या अर्थाने त्रिकला पिंजरा चलित्र 1889 च्या सुमारास मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी बर्लिनमध्ये सिद्ध केले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रारंभ प्रवाह आवरण्यासाठी सर्पी कडी (स्लिप रिंग) व बाह्य रोध असलेला घूर्णकही सामान्यतः त्यांच्याच नावे सांगितला जातो. दुहेरी पिंजऱ्याचा घूर्णक मात्र फ्रेंच अभियंते पॉल बूशरो यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात प्रारंभी प्रवाह जास्त रोधाच्या बाह्य पिंजऱ्यातून वाहतो, त्यामुळे कमी प्रवाहात अधिक परिबल मिळते.

प्रारंभ प्रवाहाच्या अनुमानाच्या आलेखीय पद्धतीचा पाया हेलँड यांच्या 1894 च्या वर्तुळाकृतीने घातला. तिच्यात निर्भार व रोधित घूर्णक या दोन चाचण्यांवरून कोणत्याही गतीचा प्रवाह काढता येतो. व्यवहारात अंकित मूल्यांवरून काम भागते. भोसरीतील लहान कारखान्यात आढळणारे 10 अश्वशक्तीचे, म्हणजे 7.5 किलोवॉटचे, 415 व्होल्टचे चलित्र घेऊ. कार्यक्षमता 0.88 व शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) 0.85 धरल्यास पूर्णभार प्रवाह 7500 ÷ (1.732 × 415 × 0.88 × 0.85), म्हणजे सुमारे 14 अँपिअर येतो. सहापट गुणांकाने प्रारंभ प्रवाह 84 अँपिअर होतो. अमेरिकी पद्धतीत चलित्रावरील माहितीच्या पट्टीवर संकेताक्षर असते; ‘जी’ अक्षराचा अर्थ दर अश्वशक्तीस 5.6 ते 6.3 किलोव्होल्ट-अँपिअर, आणि त्यावरून याच चलित्रास 78 ते 88 अँपिअर मिळतात. दोन्ही वाटा जुळतात, तरी पट्टी किंवा माहितीपत्रक उपलब्ध असता ढोबळ गुणांक वापरू नये. उच्च कार्यक्षमतेच्या चलित्रांत रोध कमी ठेवल्याने हा गुणांक बहुधा वरच्या टोकाकडे झुकतो.

याचा परिणाम शेजाऱ्यालाही जाणवतो. 433 व्होल्ट दुय्यम बाजूच्या, 4.5 टक्के संरोधाच्या 100 किलोव्होल्ट-अँपिअर रोहित्राचा पूर्ण प्रवाह 133 अँपिअर असतो. तेथे 84 अँपिअर घेतल्यास रोहित्रातच दाब सुमारे 2.8 टक्के पडतो. हेच चलित्र 25 किलोव्होल्ट-अँपिअरच्या डीपीवर (खांबावरील वितरण रोहित्रावर) असल्यास घट 11 टक्क्यांच्या आसपास जाते, शिवाय तारांतील घट वेगळी.

तारा-त्रिकोण (स्टार-डेल्टा) स्टार्टरने, म्हणजे गुंडाळ्या आधी तारा व मग त्रिकोण जोडणीत घेणाऱ्या साधनाने, वाहिनीतील प्रवाह व परिबल दोन्ही एक-तृतीयांश होतात, म्हणजे वरील उदाहरणात 28 अँपिअर. तारेतून त्रिकोणात जाताना दुसरा झटका बसतो आणि गती पुरेशी आलेली नसल्यास तो थेट प्रारंभाइतका असू शकतो. वेळदर्शक (टायमर) घाईने लावण्याचा हा दोष आहे. मृदू प्रारंभकातही (दाब हळूहळू वाढवणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरमध्येही) परिबल गमवावे लागते. वारंवारता बदलणारा ड्राइव्ह घूर्णकाची सरक (फिरत्या क्षेत्राच्या व घूर्णकाच्या गतींतील फरक) कायम लहान ठेवतो, म्हणून पूर्णभाराच्या जवळपासच्या प्रवाहात पुरेसे परिबल देतो.

एकदिश (डीसी) प्रवाहाच्या चलित्रात कारण वेगळे आहे. स्थिर आर्मेचरमध्ये (गुंडाळी असलेल्या फिरत्या भागात) पुरवठ्याला विरोध करणारा दाब निर्माण झालेला नसतो आणि प्रवाहाला केवळ अल्प रोध अडवतो. कल्याण–पुणे लोहमार्गाचे 1929 मध्ये 1500 व्होल्ट एकदिश प्रवाहावर विद्युतीकरण झाले, तेव्हा एंजिनांची चलित्रे प्रथम एकसरीत जोडून व रोध टप्प्याटप्प्याने काढून गाडी हलवावी लागे.