दादागिरी चालते ती बघ्यांच्या जिवावर

शाळेतल्या छळाचा विषय निघाला की आपले लक्ष दोनच मुलांकडे जाते: त्रास देणाऱ्याकडे आणि त्रास सोसणाऱ्याकडे. पहिल्याला शिक्षा करावी, दुसऱ्याला खंबीर व्हायला सांगावे म्हणजे प्रश्न मिटला, अशी बहुतेक मोठ्या माणसांची समजूत असते. गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन मात्र आपली नजर पुन्हा पुन्हा तिसरीकडे वळवते. सभोवती उभी असलेली, वरवर पाहता काहीच न करणारी मुले हा त्या संशोधनाचा मुख्य विषय होत गेला आहे, आणि काटेकोर तपासणीत टिकलेल्या उपायांपैकी बरेचसे या मुलांमार्फतच काम करतात.

या अभ्यासाची पायाभरणी डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी केली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि पुढे नॉर्वेत काम केलेल्या ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात साधे भांडण आणि छळ यांतला फरक स्पष्ट केला. दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि बळाची तफावत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर त्याला छळ म्हणावे, असा त्यांचा निकष आजही बहुतेक अभ्यासक वापरतात. बळ म्हणजे येथे केवळ अंगातली ताकद नव्हे. ज्याच्या मागे चार मित्र आहेत, ज्याचे वर्गात वजन आहे, ज्याला समोरच्याचे गुपित ठाऊक आहे, तोही बलवानच असतो. टोपणनावाने सतत हाक मारणे, खेळात मुद्दाम न घेणे, सगळ्यांनी ठरवून बोलणे बंद करणे यांत एकही ओरखडा उमटत नाही, तरी तिन्ही निकष पूर्ण होतात. बळाची तफावत हा तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते, कारण तो विसरला की शिक्षक दोघांना समोरासमोर उभे करून ‘झाले गेले विसरा, हातात हात द्या’ असे सांगून मोकळे होतात. दोन बरोबरीच्या मुलांमध्ये अशी दिलजमाई उपयोगी पडते. छळात मात्र दुबळ्या बाजूच्या मुलाला आपल्याला छळणाऱ्यासमोर बसून तडजोड करावी लागते, आणि दार बंद झाल्यावर काय होणार हे त्याला पक्के ठाऊक असते.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सहाध्यायांकडून झालेला छळ असावा, असे समोर आले. देश हादरला. पुढच्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि तिचा भाग म्हणून ओल्वेयस यांनी बर्गन शहरातल्या ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांचा अडीच वर्षे मागोवा घेतला. मधल्या सुट्टीत मोठ्यांची डोळस देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले मोजके नियम, त्यांवर नियमित चर्चा आणि पालकांशी थेट बोलणे, एवढीच साधने होती. छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या. इतके मोठे यश पुढे इतर देशांत फारसे मिळाले नाही, पण शाळेतला छळ हा बालपणाचा अटळ भाग नाही आणि तो मोजून कमी करता येतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

तसे तो अटळ वाटावा इतका सर्वत्र आहे. युनेस्कोने २०१९ साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आधीच्या महिन्यात निदान एकदा तरी अशा वागणुकीला तोंड द्यावे लागले होते. त्याचे ओझे शाळेबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. सात आणि अकरा वर्षांचे असताना ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण अधिक आढळले. घरची परिस्थिती आणि बालपणीचे इतर घटक हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला.

आता त्या बघ्यांकडे वळू. डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या कॅनडातील संशोधकांनी टोरंटोच्या शाळांत मुलांच्या कपड्यांवर बिनतारी मायक्रोफोन लावले आणि दूरवरून मैदानाचे चित्रीकरण केले. प्रश्नावलीत मुले जे सांगतात आणि मैदानावर जे घडते, त्यांतले अंतर त्यामुळे प्रथमच नीट दिसले. छळाच्या दहापैकी आठ-नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती. शिक्षकांनी मध्ये पडल्याचे प्रसंग मात्र शंभरात जेमतेम चार होते. यात त्यांचा बेफिकीरपणा शोधण्याची गरज नाही. असे प्रसंग अगदी थोडा वेळ चालतात आणि मोठ्यांची पाठ वळली की घडतात.

एका मुलीचे दप्तर दोघी आपापसात फेकत आहेत आणि ती मध्ये धावते आहे, असे समजा. बाजूला चौघे उभे आहेत. एक हसतो, दुसरा ‘इकडे टाक’ म्हणतो, उरलेले दोघे नुसते पाहतात. टोरंटोच्या चित्रफितींत बघ्यांचा निम्म्याहून अधिक वेळ असा नुसते पाहण्यात गेला होता, सुमारे पाचवा हिस्सा छळात सामील होण्यात, आणि पाव भाग सोसणाऱ्याच्या बाजूने काही करण्यात. याच चमूने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात एक आशादायक गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी. एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. त्यासाठी भाषण लागले नव्हते आणि धाडसाचा मोठा आवही आणावा लागला नव्हता. तरीही असे मध्ये पडणे सुमारे पाच प्रसंगांतून एकदाच घडले.

मग उरलेल्या चार वेळा मुले गप्प का राहतात? त्यांना ते आवडते म्हणून नक्कीच नाही. एकेकट्याला विचारले तर बहुसंख्य मुले छळाचा निषेधच करतात. पण प्रत्येक जण इतरांच्या गप्प चेहऱ्यांकडे पाहून ‘यांना हे चालते आहे, खटकते ते मलाच’ असा समज करून घेतो आणि स्वतःही तसाच चेहरा करतो. अशा रीतीने मनातून नापसंती असलेला वर्गच बाहेरून संमती दिल्यासारखा दिसतो. त्यात आपल्यावर उलटेल ही भीती असते, आणि ती निराधार नसते.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातील क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या गर्दीतल्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. पुढाकार घेणारा, त्याला हातभार लावणारे, हसून उत्तेजन देणारे, अलिप्त राहणारे आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे, अशी वर्गातल्या बहुतेक मुलांची त्यांना विभागणी करता आली. हसणारा स्वतः कोणाला हातही लावत नाही, पण छळणाऱ्याला जे हवे असते ते तोच पुरवतो. हवे असते ते म्हणजे वर्गातले स्थान. छळ करणारी मुले आतून दुबळी आणि समाजात वावरण्यात कच्ची असतात, हा समज फार काळ रूढ होता. १९९९ साली ब्रिटिश संशोधकांनी लहान मुलांना दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या चाचण्या दिल्या, तेव्हा छळात पुढाकार घेणाऱ्यांचे गुण उलट चांगले निघाले. कोणते वाक्य कुठे लागेल, कोणाला कोणी पाठीराखा नाही, हे त्यांना अचूक कळते. म्हणूनच ‘त्याच्या जागी तू असतास तर?’ हा प्रश्न एवढ्यापुरता त्यांना विचारून फारसे काही साधत नाही.

या निरीक्षणांवरच साल्मिवाल्ली यांच्या गटाने सरकारी पाठबळाने ‘किवा’ हा कार्यक्रम उभा केला. २००७ ते २००९ या काळात दोनशेहून अधिक शाळांत, सोडत पद्धतीने गट पाडून त्याची चाचणी झाली आणि नंतर तो फिनलंडभर पोहोचला. त्यात वर्षभर चालणारे वर्गपाठ असतात, पण मला त्यातला प्रत्यक्ष प्रसंग हाताळण्याचा भाग अधिक बोलका वाटतो. शाळेतील तिघा प्रशिक्षित मोठ्यांचा एक गट असतो. त्यांतील दोघे आधी सोसणाऱ्या मुलाशी शांतपणे बोलतात, मग छळ करणाऱ्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोलतात, म्हणजे एकमेकांच्या आधाराने त्यांना नाकबूल करता येत नाही. पुढे काय बदलायचे हे ठरते आणि काही दिवसांनी सगळ्यांना पुन्हा बोलावून ते घडले का, हे पाहिले जाते. त्याच वेळी वर्गशिक्षक वर्गात मान असलेल्या दोन ते चार समंजस मुलांना बाजूला घेऊन, या मुलाला साथ द्याल का, असे विचारतात. कृती छोटी असते: डबा खाताना शेजारी बसणे, घरी जाताना बरोबर चालणे. छळणाऱ्याला त्यातून एवढे समजते की हे मूल आता एकटे नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ५६ शाळांत एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग याच दिशेने आणखी पुढे जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी मुलांना, तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता, एवढेच विचारून प्रत्येक शाळेतले नात्यांचे जाळे रेखाटले. मग सोडतीने निवडलेल्या शाळांत मुलांचा एक छोटा गट घेऊन, आपल्या शाळेतली भांडणे कशी कमी करावीत हे त्यांनाच ठरवू दिले. मुलांनी फलक केले, चांगले वागताना दिसलेल्याला रंगीत मनगटपट्ट्या दिल्या. वर्षभरात या शाळांतील शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या गटात जाळ्याच्या मध्यभागी असलेली मुले जास्त होती तेथे परिणाम अधिक झाला. मोठ्यांना आदर्श वाटणारी मुले आणि ही मुले एकच असतील असे नाही, आणि आदर्श विद्यार्थ्यांच्या हाती फलक देऊन समाधान मानणाऱ्या शाळांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

परिणामांबद्दल अवास्तव आशा ठेवू नये. जगभरातील अशा कार्यक्रमांच्या एकत्रित विश्लेषणांत छळ करण्याचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने, आणि सोसण्याचे त्याहून थोडे कमी घटलेले दिसते. किशोरवयात तर तेच पाठ अनेकदा निष्प्रभ ठरतात, कारण कसे वागावे हे मोठ्यांनी शिकवणे हाच त्या वयात अपमान वाटतो. मुलांच्या हाती सूत्रे देणारे प्रयोग म्हणूनच तेथे अधिक आश्वासक आहेत. पहिल्याच चुकीला शाळेतून काढून टाकण्याच्या धोरणाने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृती दलाला सापडला नाही. अशा शिक्षेची धास्ती असली की मुले सांगायलाही कचरतात.

एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष उरतो. फिनलंडच्याच आकडेवारीतून असे दिसले की ज्या वर्गांत छळ पुष्कळ कमी झाला, तेथे अजूनही सोसत असलेल्या एखाद-दुसऱ्या मुलाची अवस्था इतर वर्गांतल्या अशा मुलांपेक्षा अधिक वाईट असू शकते. आजूबाजूला आणखी चार जण सोसत असतील तर दोष त्रास देणाऱ्यांचा आहे हे कळते. आपण एकटेच उरलो की दोष आपल्यातच असावा असे वाटू लागते. त्यामुळे तक्रारी घटल्याचा अहवाल हाती आला की शाळेने प्रत्येक वर्गातून एक नाव शोधायला हवे: मधल्या सुट्टीत ज्याच्याशी कोणीच बोलत नाही, गट पाडताना जे शेवटी उरते, आणि ज्याने आजवर कसलीच तक्रार केलेली नाही, अशा मुलाचे.