नवे ब्रेक, झिजलेले टायर : दुचाकीस्वारांसाठी घर्षणाची माहिती

ब्रेक लागत नाही, अशी तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी काहींचे ब्रेक तपासणीत उत्तम निघतात आणि दोष टायरचा असतो. ब्रेक केवळ चाकाचे फिरणे रोखतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे, आणि त्या घर्षणाच्या मर्यादेपलीकडचा रोध कितीही महागडा ब्रेक बसवला तरी मिळत नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप, साधारण ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी पूर्ण ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ झाला, तर तेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. शिवाय अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी जवळजवळ १७ मीटरची भर पडते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर एक चतुर्थांशावर येते. म्हणूनच पावसात वेग कमी ठेवण्याचा आमचा आग्रह असतो.

ब्रेक एकदम दाबून चाक जाम झाले, तर टायर रस्त्यावरून घसरू लागतो. घसरणाऱ्या पृष्ठभागांमधील गतिक घर्षण सामान्यतः स्थितिक घर्षणाहून, म्हणजे न घसरता फिरणाऱ्या चाकाला मिळणाऱ्या घर्षणाहून, कमी असते, त्यामुळे पकड घटते आणि तोलही जातो. एबीएस यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमी-जास्त करून चाक फिरते ठेवते. ज्या गाडीत ती नाही, तिच्या चालकाने दोन्ही ब्रेक एकत्र आणि क्रमाक्रमाने दाबावेत.

टायरवरील खाचा पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. त्या बुजल्या की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. आमच्या मते पावसाळ्याच्या तोंडावर इतक्या काठावरचा टायर ठेवूच नये.

आणखी एक कळकळीची विनंती. ब्रेक करकरतो म्हणून ड्रममध्ये किंवा डिस्कवर तेल कधीही सोडू नका, कारण तेथे घर्षण हवेच असते. तेल लागलेले शू अथवा पॅड आम्ही पुसून परत बसवत नाही, बदलतोच.