कॅलोरिस द्रोणीचे भूवैज्ञानिक नकाशांकन

बुध ग्रहाच्या उत्तर गोलार्धातील कॅलोरिस ही सुमारे १,५५० किमी. व्यासाची आघात द्रोणी (अवकाशातील मोठा खडक आदळून झालेला विशाल खोलगट भाग) ३.८ ते ३.९ अब्ज वर्षांपूर्वीची मानली जाते. तिथले दगड कोणी हाताळलेले नाहीत. नकाशांकन म्हणजे छायाचित्रे, परावर्तित प्रकाशाचे रंग व उंचीची मोजमापे यांवरून पृष्ठभागाचे घटक वेगळे करणे आणि त्यांचा वयानुसार क्रम लावणे.

पहिले नकाशे मरिनर १० यानाच्या १९७४-७५ मधील छायाचित्रांवर आधारलेले होते. यान दर १७६ दिवसांनी बुधापाशी येई आणि बुधाचा एक सौर दिवसही तेवढाच असल्याने तिन्ही भेटींत ग्रहाची तीच बाजू उजेडात सापडली. द्रोणीचा पूर्व भागच दिसला व व्यास १,३०० किमी. धरला गेला. पश्चिम भाग मेसेंजर यानाने २००८ मध्ये दाखवला.

जुन्या नकाशांतील घटक आजही वापरात आहेत : कडेचे डोंगर म्हणजे कॅलोरिस माँटेस शैलसमूह (नकाशावर एक घटक धरलेला खडकांचा गट), डोंगरांमधल्या सखल जागी नेर्व्हो शैलसमूह, बाहेर बुटक्या टेकाडांचे ओडिन मैदान आणि द्रोणीपासून त्रिज्येच्या दिशेने गेलेल्या कटक-चरांचा (उंचवटे व खाचांचा) व्हॅन आइक शैलसमूह.

खरा वाद सपाट मैदानांचा. ती आघाताने वितळलेल्या खडकाची की नंतरच्या लाव्ह्याची, हे नुसत्या रूपावरून ठरत नाही. निर्णय विवरांच्या (आघातांनी पडलेल्या खड्ड्यांच्या) मोजणीने झाला : जुन्या पृष्ठभागावर विवरे दाट असतात, आणि भोवतालच्या मैदानांवर ती कडेच्या डोंगरांपेक्षा विरळ निघाली. म्हणजे मैदाने आघातानंतर बऱ्याच काळाने, लाव्हा पसरून झाली. ओडिनची टेकाडे मात्र आघाताने उडालेल्या मलब्याची असून त्यांच्या मधला भाग लाव्ह्याने भरला असावा. तसे असेल, तर नकाशावरचा हा एकच घटक दोन वयांचा ठरतो.

द्रोणीच्या आतला लाव्हा बाहेरच्यापेक्षा उजळ व तांबूस आहे. अ‍ॅटगेट व पो या विवरांनी त्याखालचा गडद खडक उपसून वर आणला. अशी विवरे नकाशाकाराला फुकट मिळालेली वेधनछिद्रेच (खालचा खडक तपासण्यासाठी पाडतात ती भोके).

मध्यभागी पँथिऑन फॉसी हे त्रिज्येच्या दिशेने फाकलेले खचलेले चर आहेत. त्यांच्या केंद्राजवळ अपोलोडोरस हे ४१ किमी. व्यासाचे विवर आहे. ते चरांचे कारण की निव्वळ योगायोग, यावर मतभेद आहेत. विवरातून उडालेला मलबा चरांवर पडलेला दिसत असल्याने योगायोगाचे पारडे जड आहे.