अविश्वास ठराव म्हणजे राइट टू रिकॉल नव्हे

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी परवा सह्यांचा कागद ठेवला होता. वर ठळक अक्षरांत ‘नगरसेवकाविरुद्ध अविश्वास ठराव’, खाली फ्लॅट नंबर आणि सह्या. ऑफिसातून परतणारी माणसं भाजीची पिशवी खाली ठेवून सही करत होती. तक्रार शंभर टक्के खरी होती, गटार दर पावसाळ्यात तुंबतं. पण असा ठराव दाखल करून घेणारं मुंबईत कुणीच नाही. दर वेळी हेच सांगावं लागतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण इतक्या जणांची धडपड वाया जाते.

अविश्वास ठराव सगळ्यांना ठाऊक आहे. सभागृहातले सदस्य मतं देतात, आकडा जमला की खुर्ची जाते. घोळ होतो तो ‘खुर्ची’ या शब्दापाशी. सदस्यांमधून निवडलेल्या सरपंचावर ठराव मंजूर झाला तर सरपंचपद जातं, पण तो पंचायतीचा सदस्य राहतोच. सदस्यांनी दिलेलं पद सदस्यांनी काढून घेतलं, वॉर्डाने दिलेल्या जागेला त्यांना हात लावता येत नाही. आता नगरसेवक बघा. त्याला सभागृहाने नाही, तुम्ही-आम्ही निवडलं. मग सभागृह त्याच्यावर अविश्वास कशाचा दाखवणार? त्याला मुदतीआधी घरी पाठवायचं तर ते मतदारांनीच करायला हवं, आणि त्यालाच रिकॉल म्हणतात. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात ती सोय नाही. 227 पैकी एकाही वॉर्डात नाही.

मध्य प्रदेशात ती आहे, पण थेट निवडलेल्या नगराध्यक्षासाठी. तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की गावभर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. 2001 मध्ये अनूपपूरच्या मतदारांनी रिकामी खुर्ची निवडली. सुरुवात नगरसेवकांनी केली म्हणून त्याला अविश्वास ठराव म्हणणारे भेटतात. सुरुवात कुणी केली ते सोडा, शेवटचं मत कुणाचं ते बघा.

हीच कसोटी आपल्या थेट सरपंचाला लावा. थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. त्याच्यावरचा ठराव आधी तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करायचा, मग विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान. कायद्यात नाव अविश्वासाचं, पण निकाल गावाच्या हाती. माझ्या मते तो रिकॉलच. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं मात्र असा ठराव आणता येत नाही. आणि चाकरमान्यांनो, रात्रीची गाडी पकडण्याआधी मतदारयादी बघा. नाव मुंबईच्या यादीत असेल तर त्या ग्रामसभेत तुम्हाला मत नाही.

अपात्रता हे तिसरंच प्रकरण. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही की पद जातं, तिथे लोकांच्या मताचा संबंध नाही.

नगरसेवकांसाठी रिकॉल यायलाच हवा, आणि त्याची सुरुवात मतदारांच्या सह्यांनी व्हावी. नगरसेवकांच्या हाती दिली तर ते आपसात हिशेब चुकते करतील. कायदा बदलणं विधिमंडळाच्या हातात आहे. म्हणून गेटवरच्या कागदाचा मथळा मी खोडला, ‘कायद्यात रिकॉलची तरतूद करा’ असं लिहिलं आणि वर आमदारांचं नाव घातलं. सह्या मात्र पुन्हा पहिल्यापासून गोळा कराव्या लागल्या.